खोलीचे माप आणि पडद्याचे माप

नातीची खोली दहा फूट लांब आणि आठ फूट रुंद. एका भिंतीशी तिचा पलंग, समोरच्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट, आणि कपाटाशेजारी उरलेल्या मोकळ्या जागेत एखादा किफायतशीर टीव्ही बसवावा अशी तिच्या आईवडिलांची मनीषा. तेव्हा बुधवार पेठेतील दुकाने पालथी घालण्यापूर्वी आम्ही एक काम केले. लोडाला टेकून बसलेल्या त्या नऊ वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांपासून समोरच्या भिंतीपर्यंत टेप धरली. अंतर साडेसहा फूट भरले, म्हणजे जवळजवळ दोन मीटर. स्वस्त संच निवडण्याच्या कामी याहून मोलाचा आकडा दुसरा नाही, असे माझे ठाम मत आहे. कारण दुकानदार सांगतो ते बाकीचे सर्व तपशील या एका अंतराच्या कसोटीवर घासून पाहिल्यावाचून त्यांचे खरे मोल कळत नाही.

पडद्याचे माप कर्णावर घेतात. 32 इंची संचाच्या खोक्यावर 80 सेंटिमीटर असे छापलेले असते तो हा कर्ण; प्रत्यक्ष रुंदी सुमारे 71 सेंटिमीटरच असते. ‘एचडी रेडी’ या नावाने विकला जाणारा पडदा एवढ्या रुंदीत 1366 चित्रबिंदू मांडतो, म्हणजे एकेका बिंदूच्या वाट्यास अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक जागा येते. आपल्या जुन्या ज्योतिषगणितात अंशाचे साठ भाग करून त्यातील प्रत्येकास कला म्हणत. नेत्रवैद्याच्या तक्त्यावर ज्या दृष्टीस 6/6 असा दाखला मिळतो, ती दृष्टी साधारण एका कलेएवढे कोनीय अंतर असलेले दोन बिंदू वेगळे ओळखते, आणि ते त्याहून निकट आले म्हणजे तिच्या लेखी एकजीव होतात. एचडी रेडी पडद्यावरील बिंदू डोळ्यापाशी एका कलेचा कोन करतो तो सुमारे सहा फुटांवरून. त्यामुळे साडेसहा फुटांवर बसलेल्या मुलीस ते बिंदू सुटे दिसण्याचा संभव अल्प. तिची दृष्टी तक्त्याहून तीक्ष्ण असली, आणि मुलांची पुष्कळदा असते, तर थोडा भेद जाणवेल इतकेच. त्याच आकारात ‘फुल एचडी’चे बिंदू सुमारे चार फुटांवर विरघळतात आणि ‘फोर के’चे दोन फुटांवर. दुकानात गिऱ्हाईक नेमके दीड-दोन फुटांवर उभे असते, म्हणून तेथे फोर केचे चित्र डोळ्यांत भरते. घरच्या पलंगावरून पाहताना त्या सूक्ष्मतेचा बराचसा भाग डोळ्यापर्यंत पोहोचतच नाही, पैसे मात्र पुरते मोजलेले असतात.

32 इंचांची ही मर्यादा काही वर्षे सरकारच्या करदप्तरातही होती: 1 जानेवारी 2019 पासून तिथपर्यंतच्या संचांवर 18 टक्के आणि मोठ्यांवर 28 टक्के वस्तू व सेवा कर असे. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठे संचही 18 टक्क्यांत आल्याने 43 इंचांचा मोह वाढला आहे. पण 43 इंची फुल एचडी पडद्यावरील बिंदू 32 इंची एचडी रेडीच्या बिंदूएवढाच, जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि खोली तर तेवढीच राहते.

खरा फरक पडतो तो पडद्याच्या जातीने. 1888 साली प्रागमध्ये फ्रिडरिश रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञास कोलेस्टेरॉलचे एक संयुग तापवताना असे आढळले की, ते 145.5 अंशांस वितळून प्रथम गढूळ द्रव होते आणि 178.5 अंशांस एकाएकी निवळते. तो गढूळ द्रव म्हणजे द्रवस्फटिक: द्रवासारखा वाहणारा, तरी अंतर्यामी रेणूंची शिस्त सांभाळणारा. (याच विद्येत बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर व त्यांचे सहकारी यांनी 1977 साली चकतीच्या आकाराच्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधून काढले, आपल्याकडे या कार्याची वाच्यता व्हावी तितकी होत नाही.) टीव्हीच्या पडद्यात द्रवस्फटिकाचा पातळ थर असतो; विजेच्या दाबाने त्याचे रेणू वळतात आणि मागून येणारा प्रकाश अडवतात किंवा सोडतात. ‘व्हीए’ जातीच्या पडद्यात काळा रंग गडद दिसतो, परंतु बाजूने पाहिल्यास रंग फिके पडतात. ‘आयपीएस’ जातीत काळा थोडा राखाडी वाटतो, पण कुशीवर पडून पाहिले तरी चेहऱ्यांचे रंग ढळत नाहीत. मुले सरळ बसून पाहत नाहीत, आणि त्यांच्या खोलीत एखादा दिवा बहुधा चालू असतो. म्हणून येथे मी निःसंशय आयपीएसची शिफारस करीन. जात ओळखण्यास खोके वाचावे लागत नाही. दुकानात चार पावले बाजूला सरकून पडद्याकडे पाहावे.

दुसरी परीक्षा पेन्सिलीची. पडद्याचा उजेड अगदी कमी करावयास सांगून, पांढऱ्या चित्रापुढे पेन्सिल पंख्यासारखी झपाझप हलवावी. तिची एक सलग पुसट छाया दिसली तर ठीक. सुट्या सुट्या अनेक पेन्सिली दिसल्या, तर मागचा दिवा क्षणोक्षणी उघडमीट करून उजेड घटवीत आहे असे समजावे. काहींना अशा लुकलुकण्याने डोके दुखते. आम्ही तीन संच पाहिले, त्यांपैकी दोहोंत पेन्सिली मोजता येत होत्या. नातीने त्या मोठ्याने मोजल्याही.

बालरोगतज्ज्ञांचा सल्ला मुलांच्या निजण्याच्या खोलीत पडदा नसावा असाच आहे, आणि तत्त्वतः मला तो मान्य आहे. परंतु आमच्या घरी बैठकीच्या खोलीत रात्री आम्ही दोघे वृद्ध झोपतो, आणि टीव्ही नाही म्हटले की मुलीच्या हाती मोबाइल येतो. वीतभर अंतरावरचा मोबाइल पाहताना डोळ्याच्या भिंगास चार ते पाच डायऑप्टरचा ताण घ्यावा लागतो. दोन मीटरवरच्या पडद्यास अर्धा डायऑप्टर पुरतो. भिंगाच्या स्नायूंस मिळणारी ही विश्रांती क्षुल्लक नव्हे.

प्रकाशाचा हिशेब निराळा आहे. सहा फुटांवरचा 32 इंची पडदा आणि फुटावर धरलेला मोबाइल डोळ्यास साधारण सारखेच मोठे दिसतात. मूल तीन फुटांवर सरकले की टीव्हीचा डोळ्यांत शिरणारा प्रकाश सुमारे चौपट होतो. पडद्यामागचे बहुतेक दिवे मुळात निळे असून त्यावरील लेपामुळे पांढरे भासतात. डोळ्यातील मेलानोप्सिन हे द्रव्य निळ्या प्रकाशास विशेष संवेदनशील असून, तो पोहोचला की निद्रेची वर्दी देणाऱ्या मेलाटोनिनचा स्राव मेंदू रोखून धरतो. आणि मुलांचे नेत्रभिंग प्रौढांपेक्षा अधिक पारदर्शक असल्यामुळे त्यांच्यावर हा अंमल अधिक चालतो. म्हणून दुकानातला ‘व्हिव्हिड’ हा भगभगीत उजेड घरी येताच उतरवावा आणि झोपेच्या तासभर आधी संच बंद व्हावा. तरीही सारा दोष प्रकाशावर ढकलणे मला न्याय्य वाटत नाही. खोलीतली ट्यूबलाइटही पुष्कळ उजेड देते. गोष्ट पुढे काय होते या उत्कंठेपायी गेलेला अर्धा तास झोपेच्याच खात्यातून वजा होतो.

अखेर आम्ही एचडी रेडी, आयपीएस पडद्याचा, पेन्सिलीच्या परीक्षेस उतरलेला 32 इंची संच घेतला, आणि वाचलेल्या पैशांतून भिंतीवरची भक्कम ब्रॅकेट आणली. कपाटावर नुसता उभा ठेवलेला संच मुलाने ओढला तर अंगावर येतो. बसवणारा कारागीर वहिवाटीप्रमाणे पाच फुटांवर खुणा करू लागला, तेव्हा त्यास थांबवून नातीला पलंगावर बसवले आणि तिच्या डोळ्यांच्या रेषेत समोरच्या भिंतीवर त्याच पेन्सिलीने आडवी रेघ ओढली. जमिनीपासून ती साडेतीन फुटांवर आली. पडद्याचा मध्य तेथेच राहील अशा बेताने त्याने भोके पाडली.