हानलेच्या अंगणातील आकाश

वाळवंट म्हटले की तापलेली वाळू आणि उंट आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु आपल्या देशात थंड वाळवंटही आहे. लडाखच्या पूर्वेला, लेहपासून सुमारे २५० किलोमीटरवर हानले गाव आहे. हवा विरळ, पाऊस नाममात्र आणि हिवाळ्यात पारा शून्याखाली २५ अंशांपर्यंत उतरतो. जवळच्या टेकडीवर ४,५०० मीटर उंचीवर भारतीय ताराभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तेथील दोन मीटर व्यासाच्या दुर्बिणीला शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव दिलेले आहे.

आम्हांला मात्र आज टेकडीवरच्या नव्हे, टेकडीखालच्या घरांच्या अंगणातील दुर्बिणींविषयी लिहावयाचे आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये हानलेचा परिसर 'गडद आकाश राखीव क्षेत्र' म्हणून घोषित झाला. भारतातील हे असे पहिलेच क्षेत्र. संस्थेने परिसरातील २४ गावकऱ्यांना 'खगोल दूत' म्हणून प्रशिक्षण दिले, दुर्बिणी दिल्या. त्यांत स्त्रियाही आहेत. याक व पश्मिना शेळ्या राखणाऱ्या या मुलखातील माणसे आता पाहुण्यांना घरी उतरवून घेतात आणि रात्री अंगणात शनीची कडी दाखवितात. कॅमेरे घेऊन येणारे हौशी छायाचित्रकारही याच अंगणांत आपली तिवई रोवतात.

आकाशाचा फोटो काढणे म्हणजे नुसते बटण दाबणे नव्हे. दूरच्या तारकामेघाचा प्रकाश इतका क्षीण असतो की कॅमेऱ्याचा डोळा कित्येक मिनिटे उघडा ठेवावा लागतो. तेवढ्यात पृथ्वी फिरते आणि ताऱ्याच्या ठिपक्याची रेघ होते. म्हणून कॅमेरा अशा यंत्रावर बसवितात की जे ध्रुवाकडे रोखलेल्या आसाभोवती, पृथ्वीच्या उलट दिशेने, तासाला १५ अंश हळूहळू वळते. हानलेच्या वेधशाळेचे अभियंते दोर्जे अंगचुक यांनी २०२५ च्या आरंभी याच युक्तीची एक चित्रफीत प्रसिद्ध केली. तीत तारे स्थिर दिसतात आणि पायाखालची जमीन फिरताना दिसते! पृथ्वी फिरते हे पुस्तकात वाचणे वेगळे आणि असे डोळ्यांनी पाहणे वेगळे.

एका फोटोने भागत नाही. त्यात दाणे फार असतात. एकाच जागेचे अनेक फोटो काढून संगणकावर एकत्र करतात. चार फोटो मिळविले तर दाणेदारपणा निम्मा होतो, सोळा मिळविले तर चौथाई. थंडीत बॅटरी लवकर उतरते, बोटे बधिर होतात, भिंगावर दव गोठते. एवढ्या खटपटीनंतर देवयानी दीर्घिकेचा प्रकाश पदरात पडतो. हा प्रकाश तेथून २५ लक्ष वर्षांपूर्वी निघालेला असतो.

या कामाला सर्वांत उत्तम रात्र कोणती? अमावास्येची! ज्या रात्रीच्या नावाने आमच्या घरांतून लेकरांना भीती घातली गेली, त्याच रात्रीची हे लोक महिनाभर वाट पाहतात.

महागडे यंत्र आणले तरी अंधार विकत मिळत नाही. तो गावाला राखावा लागतो. हानलेत दिवे झाकलेले आणि तोंड खाली केलेले असावेत, प्रकाश पिवळसर असावा, खिडक्यांना जाड पडदे असावेत, गाड्यांनी प्रखर दिवे लावू नयेत, असे दंडक आहेत.

येथे काही वाचक विचारतील, 'आमच्या वस्तीत विजेचा खांब यायला वर्षानुवर्षे लागली. आता अंधार जपा असे आम्हांलाच का सांगता?' प्रश्न रास्त आहे. रस्त्यावरचा दिवा म्हणजे रात्रपाळीहून परतणाऱ्या भगिनीची सुरक्षितता आणि लेकरांचा अभ्यास. तो विझवा असे कोणी म्हणेल तर आम्ही विरोधच करू. परंतु दिव्याचा प्रकाश आभाळात कशाला हवा? तो रस्त्यावर पडावा. दिव्यावर झाकण बसविले तर पायवाट उजळते आणि तारेही उरतात. गावाने पाळावयाच्या या शिस्तीचा लाभही गावालाच झाला पाहिजे. हानलेत दुर्बीण गावकऱ्याच्या हाती आली, पाहुण्याचे पैसे त्याच्या घरात आले आणि ज्ञानही त्याच्याच मुखातून सांगितले जाऊ लागले, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

आपल्या महाराष्ट्रातही असे घडले आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये गडद आकाश उद्यानाचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. त्यासाठी भोवतालच्या गावांतील रस्त्यांचे दिवे बदलून त्यांची तोंडे जमिनीकडे करण्यात आली. दिवे गेले नाहीत, केवळ वळले.

तेव्हा पालकांनी येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेल्यावर एका अमावास्येला मुलांना गच्चीवर किंवा माळावर न्यावे. साधा कॅमेरा वा मोबाईल विटेला टेकवून पंधरा-वीस सेकंद उघडा ठेवावा. डोळ्यांना न दिसलेले तारे फोटोत उमटतात. ते का उमटले, असे मुलाने विचारले की समजावे, अभ्यास सुरू झाला.