मेमरी किती पळवावी?

बारावीतला एक विद्यार्थी गेल्या वर्षी आमच्याकडे आला. घरी जुना संगणक होता आणि खिशात मोजके पैसे. त्याचा प्रश्न सरळ होता. दुकानात ८ जीबीच्या दोन रॅम आहेत. एकीवर २६६६ लिहिले आहे, दुसरीवर ३२००. दुसरी थोडी महाग आहे. ती घ्यावी, की स्वस्तातली घेऊन सेटिंग बदलून तिलाच ३२०० वर पळवावी?

या पळवण्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कारखान्याने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने भाग चालवायचा. पोरे हे सर्रास करतात आणि पुष्कळदा ते जमतेही. का जमते आणि कधी फसते, हे समजण्यासाठी आधी मेमरीच्या पोटात शिरावे लागेल.

रॅमच्या चिपमध्ये माहितीचा प्रत्येक बिट एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये, म्हणजे धारित्रात, साठवलेला असतो. धारित्र भरलेले असेल तर १, रिकामे असेल तर ०. त्याच्या तोंडाशी एक ट्रान्झिस्टर झडपेसारखा बसलेला असतो. एक ट्रान्झिस्टर आणि एक धारित्र ही जोडी आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांची कल्पना. १९६८ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले आणि आजही मेमरी याच तत्त्वावर चालते.

हे धारित्र किती लहान असते? त्याची धारिता १० फेम्टोफॅरॅड आणि विभवांतर १ व्होल्ट धरा. बारावीचे क्यू बरोबर सी-व्ही हे सूत्र वापरा आणि येणाऱ्या प्रभाराला इलेक्ट्रॉनच्या प्रभाराने भागा. उत्तर सुमारे ६२ हजार इलेक्ट्रॉन येते. एवढ्याशा पुंजीवर '१' उभा असतो, आणि ती पुंजी सतत गळत असते! म्हणून डीडीआर४ प्रकारच्या मेमरीत प्रत्येक धारित्र दर ६४ मिलिसेकंदांत एकदा वाचून पुन्हा भरावे लागते. गळक्या बादल्यांची रांग लावून एखाद्याने तांब्या घेऊन सारखे फिरत राहावे, तसा हा प्रकार आहे. चिप ८५ अंश सेल्सिअसच्या वर तापली तर गळती इतकी वाढते की हीच फेरी ३२ मिलिसेकंदांत पुरी करावी लागते. तापमानाचा हा मुद्दा ध्यानात ठेवा, तो पुढे आमच्या अंगाशी येणार आहे.

गळतीचा अनुभव वर्गात सहज देता येतो. १००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ९ व्होल्टच्या बॅटरीवर भरा (धन-ऋण टोके नीट पाहून), बॅटरी काढा आणि १० किलोओहमचा रोध त्याला जोडा. डिजिटल मल्टिमीटरवर विभवांतर उतरताना दिसेल. साधारण दहा सेकंदांत ते ३.३ व्होल्टच्या आसपास येते. आता मुलांना विचारा, '५ व्होल्टच्या वर असेल तर १ म्हणायचे असे ठरवले, तर हा १ किती वेळ टिकला?' उत्तर सहा सेकंदांच्या जवळपास यायला हवे.

आता वेगाकडे वळू. खोक्यावरचा ३२०० हा आकडा दुकानदार मेगाहर्ट्झ म्हणून सांगतात, पण ते बरोबर नाही. सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा माहितीची देवाणघेवाण होते, असा त्याचा अर्थ आहे. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला दोन खेपा होतात, म्हणून खरे घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचे. एका खेपेत ८ बाइट जातात, म्हणजे सेकंदाला २५.६ गिगाबाइट. हा झाला रस्त्याचा रुंदावा. पण पहिली गाडी निघायला किती वेळ लागतो, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर दुसऱ्या आकड्यात असते. तो असतो सीएल, उदाहरणार्थ सीएल १६. मागणी केल्यापासून पहिली माहिती हाती येईपर्यंत घड्याळाचे किती ठोके थांबावे लागते, ते हा आकडा सांगतो.

शाळेच्या दप्तरखान्याची कल्पना करा. एखाद्या विद्यार्थ्याची नोंद हवी असेल तर शिपाई आधी त्या वर्षाचे अख्खे रजिस्टर कपाटातून काढून टेबलावर ठेवतो, मग त्यातली ओळ शोधतो. पुढची नोंद त्याच रजिस्टरमध्ये असेल तर काम पटकन होते. दुसऱ्या वर्षाची हवी असेल तर हे रजिस्टर परत ठेवून दुसरे काढावे लागते. मेमरीतही तसेच होते. धारित्रांची अख्खी ओळ एकदम बाहेर काढून संवेदक परिपथांत ठेवली जाते आणि मग त्यातले हवे ते उचलले जाते. खोक्यावर १६-१८-१८ असे आकडे छापलेले असतात. त्यांतला पहिला टेबलावरच्या रजिस्टरमधली ओळ शोधण्याचा, दुसरा रजिस्टर काढण्याचा आणि तिसरा ते परत ठेवण्याचा वेळ.

हे आकडे ठोक्यांत दिलेले असतात, वेळेत नव्हे. फसगत होते ती इथेच. ३२०० च्या मेमरीत एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदांचा असतो. सीएल १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल १८ काढून पाहा, तेही १०. डीडीआर५ ची ६००० सीएल ३० घ्या, पुन्हा १०. आणि वीस वर्षांपूर्वीची डीडीआर ४०० सीएल २ घेतली तरी १० च! रस्ता सेकंदाला ३.२ गिगाबाइटवरून ४८ गिगाबाइटपर्यंत रुंदावला, पण पहिली गाडी सुटण्याचा वेळ जागचा हलला नाही. आम्हांला हे गणित फार आवडते. कारण स्पष्ट आहे. त्या ६२ हजार इलेक्ट्रॉनांना लांबलचक तारेवर पसरून जो किंचितसा फरक घडवायचा असतो, तो ओळखता येईल इतका मोठा व्हायला वेळ हा लागतोच.

मग ओव्हरक्लॉकिंग मुळात जमते कसे? हापूसच्या बागेत सगळी फळे एका आकाराची निघत नाहीत, प्रतवारी करावी लागते. सिलिकॉनच्या चकतीवरील चिपचेही तेच. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या जगातली बहुतेक मेमरी-चिप बनवतात. बाजारात दिसणारी अनेक नावे यांच्याच चिप घेऊन पट्टीवर बसवतात आणि तपासून आकडे छापतात. शिवाय चिप कितीही तापली, व्होल्टेज थोडे खाली आले, भाग जुना झाला, तरी चालावे म्हणून प्रमाणित आकडे सैल ठेवलेले असतात. डीडीआर४ ३२०० चे एक नेहमीचे प्रमाणित मूल्य सीएल २२ आहे. त्याच जातीच्या चिप १.२ ऐवजी १.३५ व्होल्ट देऊन सीएल १६ वर विकल्या जातात. ही जादा पातळी पट्टीवरच्या छोट्या चिपमध्ये नोंदलेली असते. इंटेलने या सोयीला एक्सएमपी असे नाव दिले आहे. बायोसमध्ये जाऊन ती एकदा चालू करावी लागते. पुष्कळ लोक ३२०० ची मेमरी विकत घेतात, एक्सएमपी चालू करायला विसरतात आणि वर्षानुवर्षे २१३३ किंवा २६६६ वर चालवतात. पैसे न घालता मिळणारा वेग म्हणजे हा.

प्रतवारीतही फटी असतात. २०१९ च्या सुमारास मायक्रॉनची क्रुशल बॅलिस्टिक्स ही ३००० सीएल १५ ची पट्टी मध्यम किमतीत मिळे. तिच्यातल्या ई-डाय नावाच्या चिप ३६०० च्या पुढेही जात. ज्यांना ही गोष्ट ठाऊक होती त्यांनी महागड्या सॅमसंग बी-डायचा नाद सोडला. २०२२ मध्ये ती मालिका बंद झाली. अशा फटी कायम राहत नाहीत. त्याच नावाच्या पट्टीत पुढच्या खेपेला वेगळी चिपही येते, त्यामुळे 'मित्राची पळाली म्हणून माझीही पळेल' या हिशेबावर पैसे घालू नयेत.

आता आमची फजिती. शाळेत रायझेन ५ ३४००जी या प्रोसेसरचा एक संगणक होता. वेगळे ग्राफिक्स कार्ड नव्हते. अशा यंत्रात चित्रांचे कामही मुख्य मेमरीतूनच चालते, म्हणून तिचा वेग इथे खरोखर जाणवतो. एका पट्टीच्या जागी ८ जीबीच्या दोन बसवल्या आणि रस्ता दुप्पट झाला. सर्वांत मोठा फरक त्यानेच पडला. तिथे थांबायला हवे होते. पण २०२३ च्या जानेवारीत हौसेने आम्ही त्या ३४६६ वर नेल्या आणि सीएलही आवळला. मेमटेस्ट८६+ हा फुकट मिळणारा कार्यक्रम पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवला. एकही चूक नाही! आम्ही खूश.

एप्रिलअखेर दुपारी नववीच्या निकालपत्रकाची फाईल उघडेना. खराब झाली आहे, एवढाच संदेश. खोलीत पंखाही नव्हता. मेमटेस्ट पुन्हा लावला तर अर्ध्या तासात लाल ओळी दिसू लागल्या. जानेवारीच्या रात्री जे धारित्र वेळेत ओळखू येईल इतके भरलेले राही, ते एप्रिलच्या दुपारी जास्त गळत होते, आणि ओळखण्याचा वेळ तर आम्हीच कापला होता. सुदैवाने गुण कागदावर होते. दोघा शिक्षकांनी रात्री बसून ते पुन्हा भरले. फाईल उघडली नाही हे एका परीने बरे झाले. पूर्णांक म्हणून साठवलेल्या ७१ मधला ६४ च्या स्थानाचा बिट गेला तर ७ उरतात, आणि संगणक काहीही कुरकुर न करता ते ७ छापतो. हे सर्व कशासाठी? ३२०० वरून ३४६६, म्हणजे फार तर सव्वाआठ टक्के.

त्या विद्यार्थ्याला आम्ही आधी मदरबोर्ड पाहायला सांगितले. तो इंटेलच्या साध्या एच मालिकेतला जुना बोर्ड निघाला. त्यावर मेमरी ठरलेल्या मर्यादेपुढे जातच नाही, म्हणजे ३२०० साठी दिलेला जादा पैसा वाया गेला असता. बोर्ड वेग वाढवू देणारा असता तर ३२०० सीएल १६ ची, दोन पट्ट्या एकाच खोक्यात असलेली जोडी घ्यायला सांगितले असते. दिवे लावलेल्या पट्ट्यांचे पैसे दिव्यांना जातात. रायझेन ३००० मालिकेत ३६०० पर्यंत जाण्यात अर्थ आहे, कारण त्या प्रोसेसरचे अंतर्गत जाळे साधारण तिथपर्यंत मेमरीच्या पावलाशी पाऊल मिळवून चालते. त्यापुढे बहुधा पैसेच पळतात. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढून मेमरीचे भाव झपाट्याने चढले, त्यामुळे जुनी डीडीआर४ यंत्रे सांभाळण्याला पुन्हा किंमत आली.

तरीही कोणाला प्रयोग करायचाच असेल, तर एका वेळी एकच आकडा बदलावा, व्होल्टेज १.३५ च्या वर नेऊ नये आणि यंत्र सुरूच झाले नाही तर मदरबोर्डवरची गोल बॅटरी वीज बंद करून काही मिनिटे काढून ठेवावी, म्हणजे मूळ सेटिंग परत येते. मेमटेस्ट भर उन्हाळ्यात, दुपारी, खोली बंद करून लावावा. तिथे उत्तीर्ण झालेल्या वेगाच्याही एक पायरी खाली यावे. आणि ज्या यंत्रावर निकालपत्रके आहेत, ते या खेळात घेऊ नये. आमचे आता २९३३ वर चालते, म्हणजे त्या प्रोसेसरच्या अधिकृत वेगावर. विद्यार्थ्याने २६६६ ची जोडी घेतली आणि उरलेल्या पैशांत एक मल्टिमीटर.