डोंगरी सायकलला चकतीचे ब्रेक

पाचगणीहून वाईला उतरणारा पसरणीचा घाट तुमच्यापैकी पुष्कळांनी एस. टी.च्या खिडकीतून पाहिला असेल. तोच घाट सायकलवरून उतरायचा म्हटले तर? पायडल मारायला नको ही गंमत खरी, पण सगळी भिस्त हँडलवरच्या दोन दांड्यांवर! उतार सुमारे साडेपाचशे मीटर उंचीचा. सायकल आणि स्वार यांचे मिळून वस्तुमान ७० किलोग्रॅम धरू. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार करा : ७० × ९.८ × ५५० = ३,७७,३०० ज्यूल. एवढ्या उष्णतेत २० अंश सेल्सिअसचे लिटरभर पाणी उकळू लागेल, आणि वर थोडी उरेल. यातील काही ऊर्जा हवेचा विरोध मोडण्यात जाते. बाकीच्या ऊर्जेची उष्णता करून ती हवेत सोडून देणे हेच ब्रेकचे काम.

साध्या सायकलचे रबरी ठोकळे चाकाच्या रिमला घासतात. कोरड्या रस्त्यावर ते उत्तम काम करतात. पण रिम रस्त्यापासून चार बोटे अंतरावर फिरते. पावसात ती भिजते, चिखलाने माखते आणि ठोकळे घसरू लागतात. त्यात चाक जरा 'आउट' झाले, की ब्रेक कधी लागतो, कधी नाही. यावर उपाय म्हणून ब्रेक चाकाच्या मध्याकडे नेला. हबला पोलादाची पातळ चकती बसवायची आणि कॅलिपरमधल्या दोन पॅडांनी ती दोन्ही बाजूंनी दाबायची. कल्पना जुनीच आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी मोटारीसाठी अशा ब्रेकचे पेटंट १९०२ साली घेतले होते. पुढे १९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत चकतीचे ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीने जिंकली, तेव्हा त्यांचा बोलबाला झाला.

पण इथे एक अडचण आहे. घरातले दार कडीजवळ ढकला आणि मग बिजागरीजवळ ढकलून पाहा. दुसऱ्या वेळी कितीतरी जास्त जोर लागतो ना? तसेच इथे होते. डोंगरी सायकलची रिम मध्यापासून सुमारे २७ सेंटीमीटरवर असते, तर १६० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर पॅड दाबतो तो सुमारे ७ सेंटीमीटरवर. म्हणजे तेच चाक तसेच थांबवायला घर्षणबल जवळजवळ चौपट हवे!

हे बल येते कोठून? रिम थोडी डगमगणार, म्हणून रबरी ठोकळे तिच्यापासून दूर ठेवावे लागतात. चकती मात्र सरळ फिरते, त्यामुळे पॅड तिला जवळजवळ खेटून ठेवता येतो. सरकायचे अंतर कमी, म्हणून तरफेचा फायदा मोठा. तार कॅलिपरचा हात ओढते, हात फिरतो, आणि पुष्कळ कॅलिपरांत आतल्या उतरत्या खाचांतून पोलादी गोळ्या चढू लागतात. त्या पॅडला पुढे रेटतात. तारेचा लांब प्रवास आणि पॅडचा इवलासा. जेवढे अंतर घटले तेवढे बल वाढले.

तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेकही असतात. ते हाताला हलके लागतात आणि पॅड झिजले तरी स्वतःच जुळवून घेतात. मग तारेचे का घ्यावेत? ते सहसा स्वस्त पडतात हे एक कारण. आणि तार तुटली तर साध्या सायकल दुकानातही नवी घालून मिळते, हे मला त्याहून मोठे वाटते.

खरेदीला निघण्यापूर्वी आपली सायकल नीट न्याहाळा. कॅलिपर बसवायची जागा मागे फ्रेमवर आणि पुढे फोर्कवर आहे का? हबवर चकती बसण्याची सोय आहे का? नसेल तर हट्ट धरू नका. चांगला रिमब्रेक हा वाईट चकतीब्रेकपेक्षा केव्हाही बरा. शोभेपुरती चकती लावलेल्या स्वस्त सायकली आजकाल पुष्कळ दिसतात. दुकानात एक परीक्षा करून पाहा. ब्रेकचा दांडा करकचून दाबा आणि कॅलिपरकडे बघा. तो अख्खा वाकत असेल तर तुमचा जोर चकतीऐवजी पत्रा वाकवण्यात चालला आहे!

बऱ्याच तारेच्या ब्रेकांत एकच पॅड हलतो. तो चकतीला किंचित वाकवून पलीकडच्या स्थिर पॅडवर दाबतो. म्हणून दोन्ही पॅड झिजेनुसार आत घेता येतील असा ब्रेक निवडा. एव्हिडच्या बीबी ७ मध्ये त्यासाठी दोन्ही बाजूंना गोल बटणे दिलेली असतात. दोन्ही पॅड हलणारे कॅलिपरही मिळतात. दांडाही जोडीचा हवा. डोंगरी सायकलचा दांडा तार जास्त ओढतो, शर्यतीच्या सायकलचा कमी. शर्यतीच्या दांड्याला डोंगरी कॅलिपर जोडला, तर पॅड टेकण्यापूर्वीच दांडा हँडलला टेकेल. पैसे उरले तर तारेवरचे बाहेरचे आवरण चांगल्या प्रतीचे घ्या. आवरण दबणारे असेल तर निम्मी मेहनत तिथेच मुरते. पुढच्या चाकाला १८० मिलिमीटरची चकती लावता आली तर उत्तम, कारण ब्रेक दाबताच भार पुढे झुकतो. मात्र फोर्कला ती चालते का हे आधी विचारून घ्या.

नवे पॅड पहिल्या दिवशी नीट पकडत नाहीत. मोकळ्या सपाट जागी वेग घेऊन हळूहळू ब्रेक लावा, असे वीसेक वेळा करा. पॅडचा पातळ थर चकतीवर चढतो आणि पकड येते. साखळीला तेल देताना चकतीवर फडके टाका, कारण एक थेंबही पॅडात मुरला तर पॅड बदलावे लागतात. आणि घाट उतरल्यावर चकती किती तापली हे बघायचेच असेल, तर बोट लावू नका. पाण्याचा एक थेंब टाका आणि चर्र आवाज येतो का ते ऐका.