ओंडक्याखालचा हिवाळा

आपल्याकडे बेडूक म्हटले की जूनचा पहिला पाऊस आठवतो. कॅलिफोर्नियाच्या किनारी भागात हे वेळापत्रक उलटे आहे. तिथला उन्हाळा कोरडा ठणठणीत, आणि पाऊस पडतो तो मुख्यतः नोव्हेंबर ते मार्च. त्यामुळे उभयचर पाहायचे तर ऐन हिवाळ्यात, गमबूट चढवून चिखलात उतरायला हवे. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना तर हे वैभव हाकेच्या अंतरावर आहे.

शोध सुरू करायचा तो ओकच्या झाडांखाली कुजत पडलेल्या ओंडक्यांपासून. इथल्या बऱ्याच सॅलॅमँडरांना, म्हणजे शेपटीवाल्या उभयचरांना, फुप्फुसेच नसतात. ते श्वास घेतात त्वचेतून आणि तोंडातल्या अस्तरातून. त्वचा ओली असेल तरच प्राणवायू आत शिरतो. म्हणून उन्हाळाभर ते जमिनीतल्या भेगांत आणि बिळांत दडून राहतात आणि चांगल्या सरी कोसळल्या की वर येतात.

ओंडका नेहमी आपल्या बाजूला उचलावा. खाली साप असलाच तर त्याला पलीकडे निसटायला वाट राहते. ओल्या मातीवर एखादे बारीक वेटोळे दिसते. गांडूळच वाटते, पण वाकून पाहिले की इवलेसे पाय दिसतात, प्रत्येकाला चारच बोटे. हा सडपातळ सॅलॅमँडर. शेजारच्या ओंडक्याखाली कदाचित एन्सॅटिना भेटेल: टपोरे डोळे, बुडाशी आवळलेली शेपटी आणि सतत थरथरणारा गळा. डिवचले तर तो पाय ताठ करून शेपटी उंचावतो. तिच्यातून पांढरट, चिकट स्राव पाझरतो. हे दोघेही अंडी जमिनीवरच घालतात. पिल्ले डिंभक अवस्थेवाचून थेट चालती बाहेर पडतात.

नारिंगी पोटाच्या न्यूट या सॅलॅमँडरला मात्र विणीसाठी पाणी लागते. फुगू माशात असते तेच टेट्रोडोटॉक्सिन हे जहाल विष त्याच्या त्वचेत असते, पण पाण्याकडे जाताना रस्ता ओलांडावा लागला, तर मोटारीच्या चाकापुढे ते काय कामाचे? म्हणून बर्कलेजवळच्या टिल्डन पार्कमधला साउथ पार्क ड्राइव्ह हा रस्ता दरवर्षी १ नोव्हेंबर ते ३१ मार्च वाहनांना बंद ठेवतात.

बेडूक शोधायचे ते कानांनी. पाच सेंटिमीटरही न भरणारा कोरस फ्रॉग अंधार पडला की तळे दणाणून सोडतो. लाल पायांचा बेडूक मात्र दुर्मीळ झाला आहे. एकोणिसाव्या शतकात खाण्यासाठी त्याची बेसुमार शिकार झाली. पुढे पाणथळ जागाही गेल्या. १९९६मध्ये त्याला संरक्षण मिळाले आणि २०१४मध्ये तो कॅलिफोर्नियाचा राज्य-उभयचर ठरला.

पाहून झाल्यावर प्राणी अलगद बाजूला घ्यावा, ओंडका होता तस्सा ठेवावा आणि मग प्राण्याला कडेने आत जाऊ द्यावे. ओंडक्याखालची ओल मुरायला वर्षे लागतात. तो तिरका राहिला तरी ती उडून जाते. हात ओले हवेत, सनस्क्रीन लावलेले नकोत. एका तळ्यावरून दुसऱ्याकडे जाताना बूट निर्जंतुक करावेत, कारण त्वचेवर हल्ला करणाऱ्या कायट्रिड बुरशीने जगभर उभयचरांच्या कित्येक जाती संपवल्या आहेत.

सह्याद्रीत सॅलॅमँडर नाहीत, पण पावसाळ्यात दगडाखाली बिनपायांचे देवगांडूळ आहे. तेही उभयचरच, त्याचीही त्वचा तितकीच नाजूक. तिथे दगड उलटणाऱ्यानेही हीच शिस्त पाळावी. पाहण्याचा हक्क हवा असेल, तर दगड जागच्या जागी ठेवण्याची जबाबदारीही आपलीच.