पंगत आधी, जत्रा नंतर

कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनहाइममध्ये भरदुपारी बारा वाजता दिवेलागण होते. बाहेर ऊन मी म्हणत असतं, पायाखालचा डांबरी रस्ता तापलेला असतो. आणि एक दार ओलांडलं की डोक्यावर जांभळट आभाळ, रंगीत कंदिलांच्या माळा, झुडपांत लुकलुकणारे काजवे आणि समोर काळंशार, संथ पाणी. डिस्नेलँडमधलं ‘ब्लू बायू’ हे रेस्टॉरंट १८ मार्च १९६७ ला उघडलं, तेव्हापासून तिथे कधी उजाडलेलं नाही. एका मोठ्या इमारतीच्या पोटात लुईझियानाच्या पाणथळीचा हा देखावा बांधलेला आहे. त्याच पाण्यातून ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’च्या नावा सुटतात. नावेतली माणसं जेवणाऱ्यांकडे बघतात, जेवणारी नावेतल्यांकडे. कोण प्रेक्षक आणि कोण देखावा, हे ठरवणं अवघड.

इथे पाण्याच्या काठचं टेबल मिळावं म्हणून जोडपी दोन-दोन महिने आधी नोंदणी करतात. यातली बरीच जोडपी मुलाबाळांविना आलेली असतात. कुणाच्या लग्नाला वर्ष झालेलं असतं, कुणाला पन्नास. डिस्नेलँडमध्ये लग्नाचा वाढदिवस साजरा करणाऱ्यांना फुकट मिळणारा बिल्ला छातीवर मिरवत ती दिवसभर हिंडतात. थीम पार्क म्हणजे पोराटोरांची हौस, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात या धंद्याचा इतिहास चाळला, तर जागोजागी नवरा-बायकोच्या जोड्या भेटतात, आणि बहुतेकींच्या हातात ताट असतं.

सुरुवात न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडपासून करावी लागते. तिथला जॉर्ज टिल्यू १८९३ मध्ये नव्या नवरीला घेऊन मधुचंद्रासाठी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाला गेला. तिथे त्याने फेरिसचं अजस्र पोलादी चक्र पाहिलं. जमिनीपासून २६४ फूट उंच. गड्याने ते थेट विकत मागितलं. ते मिळेना, म्हणून त्याच्या निम्म्याहून कमी उंचीचा पाळणा बनवून घेतला आणि तो जगातला सर्वांत मोठा असल्याची पाटी कोनी आयलंडवर ठोकली. मधुचंद्रावरून परतताना धंद्याची कल्पना घेऊन येणाऱ्या नवऱ्याबद्दल त्याच्या बायकोला काय वाटलं असेल, हे इतिहास सांगत नाही.

१८९७ मध्ये टिल्यूने ‘स्टीपलचेस पार्क’ काढलं. रुळांवरून धावणारे लाकडी घोडे हे तिथलं मुख्य आकर्षण. एका घोड्यावर दोघांना बसता यायचं, आणि पडू नये म्हणून मागच्याने पुढच्याला धरावं लागायचं. सगळी मेख त्या धरण्यात होती. फिरणारी पिंपं, गरगरणाऱ्या तबकड्या अशी तिथली बाकीची यंत्रंही माणसांना एकमेकांच्या अंगावर ढकलण्यासाठीच रचलेली होती. घोड्यांवरून उतरल्यावर हवेचा झोत सोडून बायकांचे झगे उडवण्याचा प्रकारही होता. तो आज कुणी खपवून घेणार नाही, आणि तेव्हाही खपायला नको होता. पण त्या काळची न्यूयॉर्कमधली कामगारवस्ती डोळ्यांसमोर आणली की गर्दीचं कारण कळतं. दोन खोल्यांत आठ-दहा माणसं राहायची. दोघांनी जवळ बसावं अशी जागा शहरात नव्हतीच. टिल्यू ती तिकिटावर विकत होता. पिट्सबर्गजवळच्या ‘केनिवूड’मध्ये १९०१ साली सुरू झालेली ‘ओल्ड मिल’ही त्याच हिशेबातली. अंधाऱ्या कालव्यातून संथ जाणारी नाव. भीती नाममात्र, अंधार भरपूर.

खाण्याची गोष्टही तिथेच वळण घेते. चार्ल्स फेल्टमनच्या प्रशस्त उपाहारगृहात हॉट डॉग दहा सेंटला मिळायचा. तिथे पाव कापण्याचं काम करणाऱ्या नेथन हँडवर्कर या पोलिश पोराने १९१६ मध्ये साठवलेल्या तीनशे डॉलरवर स्वतःची टपरी टाकली आणि भाव ठेवला पाच सेंट. मसाल्याची कृती त्याची पत्नी आयडा हिच्या आजीची, असं सांगतात. फेल्टमनकडे टेबलाशी बसून जेवायचं. नेथनकडे उभ्या उभ्या, एका हातात हॉट डॉग आणि दुसऱ्या हातात जोडीदाराचा हात. फेल्टमनचं दुकान १९५० च्या दशकात बंद झालं, नेथनचं अजून चालू आहे.

मात्र, पंगतीतून अख्खी जत्रा कशी उभी राहते, हे पाहायला पुन्हा कॅलिफोर्नियातच यावं लागतं. डिस्नेलँडपासून दहा-अकरा किलोमीटरवर ब्वेना पार्क हे गाव आहे. वॉल्टर आणि कॉर्डेलिया नॉट हे शेतकरी जोडपं १९२० मध्ये इथे खंडाने जमीन घेऊन बेरीची लागवड करू लागलं. रस्त्याकडेला बेरी विकायची, जॅम विकायचा, कॉर्डेलियाने भाजलेले ‘पाय’, म्हणजे फळांचं सारण भरलेली पेस्ट्री, विकायचे. त्या सुमारास रुडॉल्फ बॉयझन नावाच्या माणसाने केलेल्या एका संकरित बेरीची हकिकत वॉल्टरच्या कानावर आली. बॉयझनने प्रयोग सोडून दिला होता, वेली अ‍ॅनहाइममधल्या जुन्या शेतात तणात मरायला टेकल्या होत्या. सरकारी कृषी खात्याच्या जॉर्ज डॅरोसह वॉल्टरने त्या शोधून काढल्या, आपल्या रानात आणून जगवल्या, आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘बॉयझनबेरी’ या नावाने फळ बाजारात आणलं.

मंदी होतीच. १९३४ च्या जूनमध्ये कॉर्डेलियाने तळलेल्या कोंबडीचं जेवण विकायला काढलं. दर ६५ सेंट. पहिल्या दिवशी आठ ताटं गेली, आणि ती तिने लग्नात आलेल्या चिनी मातीच्या ठेवणीतल्या बशांत वाढली. कोंबडी, कुस्करलेले बटाटे, रस्सा, गरम बिस्किटं आणि शेवटी बेरीचा पाय. बिस्किटं म्हणजे आपली चहात बुडवायची नव्हेत; जाडजूड, मऊ, लोण्यासोबत खायची.

पुढची काही वर्षं आकडा फुगतच गेला. १९४० च्या सुमारास रविवारी चार-चार हजार ताटं उठत होती आणि लोक तासन्‌तास ताटकळत होते. रविवारी सकाळी कोल्हापुरात मिसळीच्या दुकानाबाहेर नावं लिहून घेणारा पोऱ्या पाहिलेल्या कुणालाही ही गर्दी ओळखीची वाटेल. फरक एवढाच, की वॉल्टरला त्या ताटकळणाऱ्यांची लाज वाटू लागली. त्यांचं मन रमवायला त्याने काही गमती मांडल्या: धबधबा, छोटा ज्वालामुखी. मग १९४० मध्ये थेट गावच उभारायला घेतलं. ओसाड पडलेल्या खाणकामगारांच्या वस्त्यांतून जुनी घरं उचलून आणली आणि ‘घोस्ट टाऊन’ वसवलं. त्याची आजी छकड्यातून मोहावीचं वाळवंट ओलांडून कॅलिफोर्नियात आली होती. त्या प्रवासाचा देखावा हेच या गावाचं पहिलं आकर्षण. बघायला पैसे पडत नसत. ताट येईपर्यंत लोकांनी हिंडावं, एवढाच हेतू. ‘नॉट्स बेरी फार्म’ला कुंपण आणि प्रवेशाचं तिकीट लागलं ते १९६८ मध्ये, पहिल्या आठ ताटांनंतर चौतीस वर्षांनी.

कॉर्डेलियाचं श्रेय या कहाणीत नेहमी एका ओळीत उरकतात. वॉल्टरची दूरदृष्टी, वॉल्टरची बेरी, वॉल्टरचं गाव. स्वयंपाकघर चालवणारी बाई मात्र ‘आणि त्याची पत्नी’. ताटं थांबली असती तर दूरदृष्टीला गिऱ्हाईक कुठून मिळालं असतं?

वॉल्ट डिस्ने आपल्या पार्कची जुळवाजुळव करत असताना नॉट्सला जात असे. दोन्ही कुटुंबांचा परिचय होता. मात्र पार्क कसं सुचलं, याची वॉल्टची स्वतःची गोष्ट वेगळी होती. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मुली लाकडी घोड्यांवर फिरत असताना आपण बाकावर शेंगदाणे खात बसलो होतो, तेव्हा मोठ्यांनाही मजा येईल अशा जागेची कल्पना सुचली, असं तो सांगायचा. म्हणजे इथेही खाणं आणि वाट बघणं आहेच.

डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं, हे सर्वांना ठाऊक असतं. त्याच्या चार दिवस आधी, १३ जुलैला, तिथे पहिली पंगत उठली होती, हे फारसं कुणी सांगत नाही. वॉल्ट आणि लिलियन यांच्या लग्नाला त्या दिवशी तीस वर्षं झाली. पाहुण्यांना ‘मार्क ट्वेन’ या वाफेच्या नौकेतून पहिला फेरफटका मारून आणला, पुदिन्याची थंडगार मिंट जुलेप दिली, आणि ‘गोल्डन हॉर्सशू’मध्ये जेवण झालं. रंगात आलेला वॉल्ट सज्जातून खाली रंगमंचावर उतरू पाहत होता, अशी आठवण त्या रात्रीबद्दल सांगितली जाते. नौकेवर लाकडाचा भुसा पडला होता. लिलियनने झाडू घेऊन तो स्वतः झाडला, हीसुद्धा. मिंट जुलेप आजही पार्कात मिळते, मद्यार्काशिवाय. सोबत मिकीच्या तोंडाच्या आकाराची, साखर भुरभुरवलेली बेन्ये.

चार दिवसांनी मात्र फजिती झाली. बनावट निमंत्रणांवर हजारो जण घुसले, नुकतं ओतलेलं डांबर उन्हात मऊ होऊन बायकांच्या टाचा त्यात रुतल्या, नळकारागिरांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे होते, आणि अन्न संपलं. नॉट दांपत्यही त्या दिवशी पाहुणे म्हणून आलं होतं. नवा शेजारी आपला धंदा बसवणार या धास्तीत ते घरी परतलं, तर त्यांचं वाहनतळ गाड्यांनी भरलेलं. गर्दीने गर्दी वाढते, हे गणित तेव्हापासून त्या परिसरात पक्कं झालं.

डिस्नेच्या खाण्यामागचं अर्थकारण मुळापासून पाहण्यासारखं आहे. १ कोटी ७० लाख डॉलर खर्चाच्या या उद्योगात एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने पैसा घातला. तिचे प्रमुख लेनर्ड गोल्डन्सन मूळचे सिनेमागृहांच्या धंद्यातले. पडद्यापेक्षा पॉपकॉर्न किती कमावतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. सुमारे एक तृतीयांश वाट्याबरोबरच त्यांनी पार्कातल्या खाद्यपदार्थांच्या दुकानांचा दहा वर्षांचा नफा मागून घेतला.

दुकानं चालवायला मोठमोठ्या खाद्य कंपन्या आल्या. टूना विकणाऱ्या कंपनीने चाच्यांचं जहाज बांधून त्यात माशांचे सँडविच विकले. फ्रिटो कंपनीच्या ‘कासा दे फ्रिटोस’मध्ये शिळे उरलेले टॉर्टिया टाकून देण्याऐवजी तळून, मसाला भुरभुरवून ग्राहकांना दिले जाऊ लागले. कंपनीचे विपणन अधिकारी आर्च वेस्ट यांनी ते हेरलं, आणि १९६६ मध्ये ते ‘डोरिटोज’ नावाने अमेरिकाभर गेले. शिळ्या पोळ्यांचा कुस्करा करणाऱ्या घरांना यात नवल वाटणार नाही, पण कुस्कऱ्याचं पेटंट आपण घेतलं नाही.

१९६३ चं ‘एंचांटेड टिकी रूम’ मुळात रेस्टॉरंट म्हणून योजलं होतं: जेवताना डोक्यावर यांत्रिक पोपट गाणार. मग लक्षात आलं, की पोपट गात राहिले तर ताटं रिकामी झाली तरी टेबलं रिकामी होणार नाहीत. जेवण वगळलं, पोपट ठेवले.

मद्य मात्र वॉल्टने पार्कात येऊ दिलं नाही. खासगी सभासदांचा ‘क्लब ३३’ सोडला, तर २०१९ पर्यंत ते तिथे सर्वसामान्यांना मिळत नव्हतं. म्हणूनच २००१ चा प्रयोग उद्बोधक ठरतो. डिस्नेने त्या वर्षी ८ फेब्रुवारीला शेजारीच ‘कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर’ उघडलं. मोठ्या माणसांना, जोडप्यांना डोळ्यांसमोर ठेवून तिथे मोंडावी कंपनीची वाइन होती, नामवंत बल्लवाचार्य वोल्फगँग पक यांचं रेस्टॉरंट होतं. लोक अपेक्षेइतके आलेच नाहीत. वर्ष संपायच्या आत दोघांनीही काढता पाय घेतला. ताट उत्तम होतं, पण ताटाआधी हिंडायला गाव नव्हतं. नॉटचं सूत्र उलटं करून पाहिल्याचा तो परिणाम. पुढे एक अब्जाहून जास्त डॉलर ओतून २०१२ मध्ये ‘कार्स लँड’ आणि जुन्या लॉस एंजेलिसचा रस्ता उभा राहिला, तेव्हा त्याच रस्त्यावरचं ‘कार्थे सर्कल’ हे महागडं रेस्टॉरंट व्यवस्थित चाललं.

त्या पहिल्या फसलेल्या वर्षातली एक गोष्ट मात्र टिकली: पाय अधांतरी सोडून प्रचंड पडद्यासमोर उडवणारं ‘सोअरिन’. त्याच जातीची राइड मराठी जोडप्यांना घराजवळ भेटते. खोपोलीजवळ २०१३ मध्ये मनमोहन शेट्टी यांनी सुरू केलेल्या इमॅजिकात ‘आय फॉर इंडिया’ या नावाने ती देशभर उडवून आणते.

दोघांनी मिळून दिवस घालवायचा तर आजच्या पार्कात हिशेब बदलले आहेत. रांग लवकर सरावी म्हणून काही राइड्सना एकट्यांची वेगळी रांग असते. तिथे वेळ वाचतो, पण दोघं दोन डब्यांत बसतात. ‘मॅटरहॉर्न’ या १९५९ च्या डोंगरात पूर्वी एकाच्या पुढ्यात दुसरा असं रेलून बसावं लागे, टिल्यूच्या घोड्यासारखं. २०१२ मध्ये तिथे प्रत्येकाला स्वतंत्र आसन आलं. सुरक्षित झालं, लांबही झालं. फोनवरून जेवण मागवता येतं, त्यामुळे काउंटरसमोर उभं राहून ‘तू काय घेणार’ हा वादही संपला आहे.

तो वाद अजून घालायचा असेल तर नॉट्सला जावं. तिथल्या १९६९ च्या लाकडी ओंडक्यांच्या राइडमध्ये आजही एका बाकावर पुढे-मागे बसावं लागतं, आणि कॉर्डेलियाचं चिकन डिनर रेस्टॉरंट फाटकाबाहेरच असल्याने तिथे जेवायला पार्कचं तिकीट लागत नाही. मुख्य मान कोंबडीचा आहे. शाकाहारी दोघांनी बॉयझनबेरीचा पाय खाऊन घ्यावा आणि गाडी आर्टेशिया गावाकडे वळवावी. तिथल्या पायोनियर बुलेव्हार्डवर डोसा आणि चाट मिळतं.