मेलुह्हाचा दुभाषा : प्राचीन व्यापारमार्ग आणि शब्दांची साक्ष

प्राचीन व्यापारमार्गांचा विचार करताना मणी, मुद्रा, वजने आणि खापरे यांची साक्ष प्रथम घेतली जाते, आणि ते योग्यच होय. परंतु माल जेथे गेला तेथे मालाचे नावही गेले असले पाहिजे, या तर्काने अनेक विद्वानांनी शब्दांनाही साक्षीस पाचारण केले आहे. ही साक्ष कितपत ग्राह्य मानावी, हा प्रश्न भाषाशास्त्राचा आहे. तो केवळ पुरातत्त्वज्ञांवर सोपवून भागणार नाही. सिंधुखोरे आणि मेसोपोटेमिया यांना जोडणाऱ्या मार्गाच्या अनुरोधाने तीन शब्दांची परीक्षा करून या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम मार्गाचे स्वरूप पाहू. मेलुह्हा, मगन व दिल्मुन येथील नौका आपण अक्कादच्या धक्क्याला लावविल्या, असे सार्गोन राजाने (इ. स. पू. सु. २३३४–२२७९) अभिमानाने नोंदविले आहे. दिल्मुन म्हणजे बहरैन व त्यालगतचा किनारा, मगन म्हणजे ओमानचा परिसर आणि मेलुह्हा म्हणजे सिंधुसंस्कृतीचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक मानतात. भौतिक पुरावा या समजुतीस पोषक आहे. ओमानच्या रास अल्-जिन्झ येथे सिंधुसंस्कृतीची खापरे आणि नौकांना दिलेल्या डांबराच्या लेपाचे तुकडे मिळाले; बहरैनमध्ये सिंधुप्रमाणाची वजने मिळाली; उर येथील राजकीय दफनभूमीत तांबड्या अकीकाचे सिंधुपद्धतीचे मणी मिळाले; आणि लोथल येथे आखाती घडणीची मुद्रा मिळाली. लगशचा अधिपती गुदेआ याच्या लेखांतही मेलुह्हाहून आलेल्या अकीकाचा उल्लेख आहे. खुष्कीच्या वाटेचीही खूण आहे. बदख्शानच्या लाजवर्दाच्या खाणींपासून फार दूर नसलेल्या शोर्तुगाई येथे, अमुदर्याच्या परिसरात, सिंधुसंस्कृतीची वसाहत होती.

या सर्व पुराव्यात भाषेविषयी प्रत्यक्ष बोलणारी वस्तू एकच आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात अक्कादी काळातील एक लहानशी दंडगोल मुद्रा आहे. तिच्यावरील लेखानुसार तिचा धनी शु-इलिशु हा मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषा होता. या छोट्याशा लेखाचे मोल फार मोठे आहे. मेलुह्हाची भाषा सुमेरी व अक्कादी या दोहोंहून इतकी वेगळी होती की तिच्यासाठी दुभाष्याची गरज भासे, आणि ही गरज इतकी नित्याची होती की दुभाषेपण ही मुद्रेवर कोरण्याजोगी ओळख ठरली, हे त्यावरून निश्चित होते. पुढे, इ. स. पू. २१व्या शतकाच्या सुमारास, लगशच्या प्रांतात 'मेलुह्हाचे गाव' म्हणून ओळखली जाणारी वस्ती आढळते. परंतु तेथील माणसांची नावे बहुधा सुमेरी आहेत. भाषा मागे पडली, गावाचे नाव तेवढे उरले.

आता शब्दांकडे वळू. पहिला शब्द दुभाष्याचाच. सुमेरी भाषेत त्याला 'एमे-बल' म्हणत. 'एमे' म्हणजे जीभ किंवा भाषा, 'बल' म्हणजे पालटणे. अक्कादी भाषेत त्यास 'तर्गुमन्नु' असा शब्द होता. तोच आरामीमधून अरबीत 'तर्जुमान' झाला. त्याच्या परिवारातील 'तर्जुमा' हा शब्द फारसीमार्गे मराठीत आला आणि आजही आपल्याला परिचित आहे. या प्रवासातील प्रत्येक टप्पा लिखित आहे, ध्वनिबदल नियमित आहे आणि अर्थ अखंड आहे. ही साक्ष निःसंशय ग्राह्य होय. मात्र ती सिंधुमार्गाची नव्हे. तो शब्द आपल्याकडे सुमारे तीन सहस्रकांनंतर, निराळ्याच वाटेने आला.

दुसरा शब्द तिळाचा. तिळाच्या तेलास सुमेरीत 'इलि' व अक्कादीत 'एल्लु' म्हणत. तमिळमध्ये तीळ म्हणजे 'एळ्', कन्नडमध्ये 'एळ्ळु'. संक्रांतीस आपल्याकडे तिळगूळ देतात तसे कर्नाटकात 'एळ्ळु-बेल्ल' देतात, हे सीमाभागातील वाचकांस ठाऊक असेलच. तिळाचे वन्य पूर्वज भारतातले, हडप्पा येथे जळके तीळ सापडलेले, आणि मेसोपोटेमियात तिळाचा पुरावा तिसऱ्या सहस्रकाच्या उत्तरार्धातला. म्हणजे वस्तू पूर्वेकडून पश्चिमेस गेली, हे जवळजवळ सिद्ध आहे. शब्दही तिच्याबरोबर गेला काय? येथे अडचण अशी की अक्कादीत 'एल्लु' याचा अर्थ 'शुद्ध, स्वच्छ' असाही आहे, आणि शुद्ध तेलास 'शुद्ध' हेच नाव पडणे अगदी स्वाभाविक आहे. शिवाय शब्द इतका आखूड की योगायोगाची शक्यता वाढते. ही साक्ष संभाव्य म्हणावी, सिद्ध म्हणू नये.

तिसरा शब्द 'म्लेच्छ'. शतपथ ब्राह्मणात तो अशुद्ध, अनाकलनीय बोलण्याच्या संदर्भात येतो. पालीत 'मिलक्ख' असे रूप आहे. क्यूनिफॉर्ममधील 'मेलुह्हा' या उच्चाराशी पालीचे रूप अधिक जुळते, म्हणून दोहोंचा संबंध जोडण्याचा मोह अनेकांस झाला आहे. परंतु पूर्वेकडील देश म्हणून मेलुह्हाशी चाललेला व्यापार इ. स. पू. सु. १८०० नंतर दिसेनासा होतो, आणि पहिल्या सहस्रकातील असिरियन लेखांत तेच नाव आफ्रिकेतील नूबियाच्या बाजूस लावलेले आढळते. मधल्या सुमारे हजार वर्षांत भारतीय बाजूस लिखित दुवा एकही नाही. ध्वनिसाम्य मोहक असले तरी ही साक्ष तूर्त अनुमानाच्या पलीकडे जात नाही.

या तीन उदाहरणांवरून निकष स्पष्ट होतात. रूपांचा बदल नियमित असावा, वस्तूचा प्रवास स्वतंत्र पुराव्याने सिद्ध असावा आणि मधले दुवे लिखित असावेत. तर्जुमा तिन्ही कसोट्यांस उतरतो. तीळ वस्तूच्या कसोटीस उतरतो, पण शब्दाच्या कसोटीस अडखळतो. म्लेच्छाच्या पदरी केवळ ध्वनिसाम्य आहे. सिंधुलिपी अद्याप सर्वमान्य रीतीने वाचली गेलेली नाही. म्हणूनच एखाद्या आधुनिक भाषाकुलाच्या पूर्वजांना त्या नौकांवर बसविण्याची घाई वारंवार होते. अभ्यासकांनी एवढे ध्यानी ठेवावे की शु-इलिशूची मुद्रा मेलुह्हाची स्वतंत्र भाषा होती एवढेच सांगते. ती कोणती, हे सांगत नाही. त्या दोन विधानांतील अंतर राखणे हेच येथे भाषाशास्त्राचे कर्तव्य होय.