एक्स्प्लेनर : बोटीची नाळ वाऱ्यात वळेना? बो थ्रस्टर कमी का पडतो आणि त्यावर उपाय काय?

पालघरच्या किनाऱ्यावर सातपाटी, मुरबे, नवापूर, डहाणू अशी बहुतेक बंदरं खाडीच्या तोंडाशी आहेत. जागा अरुंद, भरती-ओहोटीचा फरक मोठा आणि दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा. धक्क्याला लागताना छोट्या मोटरबोटीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याने फिरलं तर शेजारच्या होडीवर आपटण्याचा धोका असतो. हाताने बोट अडवायला गेलेल्या माणसाचा हात धक्क्यात सापडू शकतो.

यावरचा आधुनिक उपाय म्हणजे बो थ्रस्टर. पारंपरिक मासेमारी होड्यांवर तो सहसा नसतो. खासगी मोटरबोटी आणि कामाच्या बोटींवर दिसतो. पण अनेकदा बटण दाबूनही नाळ जागची हलत नाही. असं का होतं?

बो थ्रस्टर म्हणजे काय?

नाळेजवळ पाण्याखाली बोटीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवा पाइप बसवतात. त्यात विजेच्या मोटरवर फिरणारा छोटा पंखा असतो. पंखा पाणी डावीकडे फेकतो तेव्हा नाळ उजवीकडे सरकते. छोट्या बोटींच्या थ्रस्टरचा जोर साधारण 25 ते 55 किलो असतो.

वाऱ्याचा जोर किती असतो?

इथेच हिशेब चुकतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. 9 मीटर लांब आणि पाण्यावर सरासरी दीड मीटर उंच बोट धरू. वारा थेट बाजूने आला, तर ढोबळ गणितानुसार नाळ सावरायला लागणारा जोर असा :

• ताशी 18 किमी वारा : सुमारे 10 किलो
• ताशी 36 किमी वारा : सुमारे 42 किलो
• ताशी 54 किमी वारा : सुमारे 95 किलो

म्हणजे 35 किलोचा थ्रस्टर ताशी 33 किमीच्या आसपास हात टेकतो. त्यावर ताडपत्री किंवा उंच केबिन असेल तर त्याआधीच.

थ्रस्टर लहान आहे की उपाशी?

नवा, मोठा थ्रस्टर घेण्याआधी हा प्रश्न विचारायला हवा. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या कुठल्याही इलेक्ट्रिशियनला हे दुखणं ओळखीचं वाटेल : लांब आणि बारीक केबल.

12 व्होल्टचा छोटा थ्रस्टर 250 अँपिअरच्या घरात करंट ओढू शकतो. बॅटरी मागे इंजिनाजवळ आणि मोटर पुढे असेल, तर जाऊन-येऊन 16 मीटर केबल लागते. 50 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्येही सुमारे 1.4 व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. केबल निम्म्या जाडीची असेल तर 2.8 व्होल्ट.

मोटरला 12 ऐवजी 10 व्होल्ट मिळाले तर जोर साधारण 30 टक्क्यांनी घटतो. 35 किलोचा थ्रस्टर 25 किलोवर येतो आणि ताशी 27-28 किमी वाऱ्यातच हार मानतो.

आधी काय तपासावं?

• थ्रस्टर चालू असताना मोटरच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. बंद असतानाचा आकडा फसवा असतो.
• बॅटरीची टोकं, फ्यूज आणि जोड गंजले आहेत का, हात लावण्याआधी वीज बंद करून पाहा.
• शक्य असेल तर थ्रस्टरसाठी नाळेजवळ वेगळी बॅटरी बसवा.
• बोट ओढून वर घेतल्यावर पाइप आणि पंखा खरवडून साफ करा. पात्यांवर चिकटलेल्या शिंपल्यांचा पातळ थरही जोर खातो.
• पाइप पाण्याच्या पृष्ठभागाच्या फार जवळ असेल तर पंखा हवा ओढतो. नाळ हलकी आणि मागे जास्त वजन असेल तर सामान पुढे सरकवून पाहा.

चालवताना काय लक्षात ठेवावं?

बोटीला पुढे वेग असेल तर थ्रस्टरचा परिणाम कमी होतो. ताशी 3-4 किमीच्या वर त्याच्यावर विसंबू नये. नाळ फिरू लागण्याआधीच दोन-तीन सेकंदांचे छोटे झटके द्यावेत. एकदा बोटीने गती घेतली की ती थांबवायला जास्त जोर लागतो. सलग दोन-तीन मिनिटं चालवलं की मोटर तापते आणि अनेक थ्रस्टर आपोआप बंद पडतात, तेही नेमके गरजेच्या वेळी.

उधाणाच्या दिवशी काय?

पाणी हवेपेक्षा 800 पटींहून अधिक घन आहे. त्यामुळे धक्क्याजवळ बोट जागेवर धरायची असेल, तर ताशी दोन किमीपेक्षा कमी वेगाचा आडवा प्रवाहही ताशी 36 किमी वाऱ्याच्या तोडीचा जोर लावतो. अशा वेळी थ्रस्टरशी झगडण्यापेक्षा वारा किंवा प्रवाह, ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे तोंड करून धक्क्याला लागणं सोपं. जमल्यास पाणी थांबतं त्या वेळेची वाट पाहावी. भांगाच्या दिवसांत प्रवाह मुळातच कमी असतो.

थ्रस्टर बंदच पडला तर?

निघताना दोर कामी येतो. नाळेपासून मागच्या बाजूच्या खुंट्याला एक दोर बांधा. नाळ आणि धक्का यांच्यामध्ये टायर लावा. सुकाणू धक्क्याच्या दिशेने वळवून इंजिन अगदी हळू पुढे घ्या. नाळ दोराने अडते आणि मागचा भाग धक्क्यापासून बाहेर येतो. मग दोर सोडून इंजिन मागे घेत बाहेर पडायचं. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहू नये.

मोठ्या जहाजांनाही वाऱ्याची मर्यादा असते; ती ओलांडली की थ्रस्टर असूनही टग बोलावली जाते. छोट्या बोटीच्या तांडेलानेही आपल्या थ्रस्टरची मर्यादा शांत दिवशी, मोकळ्या पाण्यात पाहून ठेवावी. वारा त्यापलीकडे गेला तर धक्क्याला लागण्याची घाई न करता सुरक्षित जागी नांगर टाकून थांबणं केव्हाही स्वस्त पडतं.